एका अंघोळीचं सुतक

"डोक्यावरून घे," सासूबाई न्हाणीच्या दाराबाहेरून म्हणाल्या, "तुझे अण्णा वारलेत."

तांब्या उचललेला होता. पाणी त्यातून निघालेलं होतं. ते डोक्यावर पडलं, कानात शिरलं, आणि कानात पाणी गेल्यावर सगळं जसं लांब जातं तसं त्यांचं बोलणं लांब गेलं. मी 'काय?' म्हटलं की नाही ते आठवत नाही. म्हटलं असेल, कारण त्या पुढे बोलल्या. पण झालेलं पुन्हा सांगितलं नाही, करायचं तेवढं सांगितलं. आधी नुसतं पाणी घे, साबण मागून लाव. महिना होत आला बाई, आता जुनं झालंय. सुतक कानावर पडल्यापासून धरतात, अन् इतक्या उशिरा कानावर पडलं तर एका अंघोळीत फिटतं. आज तुझं सव्वा महिन्याचं न्हाणं हायेच, म्हणलं एका पाण्यात दोन्ही उरकंल. हे सगळं, बाजारात गेलीच आहेस तर येताना दळणही घेऊन ये, असं सांगतात त्या आवाजात. त्या आवाजात वाईट काही नव्हतं. बादलीत लिंबाचा पाला तरंगत होता, तो त्यांनीच सकाळी गच्चीवर जाऊन शेजारच्या झाडाचा तोडून आणला होता, गुडघे दुखत असताना. मी तो पाला बाजूला सारला आणि दुसरा तांब्या भरला. मग साबण लावला. कानामागं लावला, मानेला लावला, टाक्यांची जागा जपून धुतली. वडील वारल्याचं कळल्यावर माणूस कानामागं साबण लावतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दाराला आतून कडी होती, तोंडावर पाणी होतं, रडायला याहून चांगली जागा अख्ख्या परभणीत सापडली नसती. पण दाराबाहेर त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. त्या गेल्या नव्हत्या. ऐकत उभ्या होत्या. "रडून घे तिथंच," त्या म्हणाल्या. "आता चालतंय."

आता चालतंय. सव्वा महिना चालत नव्हतं. बाळंतिणीच्या डोळ्यातून पाणी आलं की दूध नासतं, लेकराला हिरवी शी होते, त्याच्या पोटात गाठी बसतात. टाके ओले असताना उठता-बसता माझे डोळे भरायचे तर त्या धावत यायच्या, पदरानं डोळे टिपायच्या, "न्हाई माय न्हाई, गिळ, गिळ ते," म्हणायच्या. आणि मी गिळायची. रडू गिळता येतं. त्याला चव असते, कोमट लोखंडासारखी. मोबाईल पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, कच्च्या बाळंतिणीचे डोळे जातात म्हणून. मला ते बरंच वाटलं होतं. बाळ आणि मी, शेगडीतला ओव्याचा धूर, शेपूची भाजी, बाजरीची खीर, डिंकाचे लाडू. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, म्हणून माहेरी बाळंतपण होणार नव्हतं. येलदरीत अण्णा एकटे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं वायंडिंगचं दुकान, मागं एक खोली, पलीकडं आत्याचं घर. ते दवाखान्यात आले तेव्हा सासूबाईंना हात जोडून म्हणाले, "मला पुरुषाला काय कळतंय ह्यातलं? तुमच्याच पदरात हाय लेक." मग बाळाला उचललं. तांब्याची तार हाताळून त्यांच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असायच्या, म्हणून बोटं आत मुडपून, नुसत्या मनगटांवर त्यांनी त्याला पेललं आणि त्याचं डोकं हुंगलं. नव्यानं भरलेली मोटार, वरचं वार्निश वाळलं का बघायला, ते अशीच हुंगायचे. "वार्निशाचा वास न्हाई ह्याला," ते म्हणाले. "ओरिजिनल हाय." सगळे हसले. मग जिंतूरची गाडी निघंल म्हणून ते गेले. पायात चप्पल घालताना भिंतीला हात टेकला होता. तो हात मला दिसतो. तोंड दिसत नाही. तोंड बघायला हवं होतं, पण मी त्या वेळी बाळाचं बघत होते.

दुकानाच्या पायरीवर बसल्या-बसल्या गेले, हे मला न्हाणीतून बाहेर आल्यावर कळलं. शिवप्रसाद, माझा नवरा, पलंगाच्या कडेवर बसून सांगत होता, आणि सांगताना माझ्याकडं न बघता बाळाच्या पायातला मोजा नीट करत होता. बारशाच्या दोन दिवस आधी. म्हणजे तो हिंगोलीला ऑफिसच्या ट्रेनिंगला गेला होता तेव्हा. "ट्रेनिंग नव्हतं ते," तो म्हणाला. "मीच गेलो होतो. खांदा दिला मी, राजेश्री. सगळं व्यवस्थित झालं. मुलाच्या जागी आत्याच्या भारतनं पाणी पाजलं." व्यवस्थित. मला तो दिवस आठवला. तो आला आणि आधी अंगणातल्या नळावर अंघोळ केली, उकडतंय म्हणाला. मग आत येऊन माझ्या हातचं पाणी प्यायला. त्याच्या केसांना जळकट वास येत होता. मी म्हटलं, कुठं रस्त्यात कचरा जाळत होते का? तो म्हणाला, हो. आणि दुसऱ्या दिवशी तो फुगे फुगवत होता. बारसं होतं. सुतक कानावर पडल्यापासून धरतात, आणि माझ्या कानावर पडलं नव्हतं, म्हणून घरात सुतक नव्हतं. पेढे होते, पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, मी हिरवी साडी नेसले होते. मी विचारलं, अण्णा का नाही आले? सासूबाई म्हणाल्या, गुडघा धरलाय त्यांचा, बसच्या पायऱ्या चढवंनात. मला राग आला. खरा, लाडातला राग. जमलेल्या बायकांना मी अण्णांची नक्कल करून दाखवली. गुडघ्याला हात लावून कण्हणारे अण्णा, "मोटार भरायला बसतो तवा दुखत न्हाई, नातू बघायला जायचं म्हणलं की दुखतंय." बायका हसल्या. नणंद प्रियंका हसली. मालीशवाली हसली. सासूबाई हसल्या, आणि हसता-हसता त्यांनी माझ्या तोंडात पेढा भरवला. त्यातल्या कितीजणींना माहीत होतं? हा प्रश्न मी नंतर मनातल्या मनात पाळण्याभोवती फिरवत राहिले, एकेक तोंड बघत. हसताना माणसाचे डोळे बारीक होतात. माहीत असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे सारखेच बारीक होतात.

न्हाण्याच्या संध्याकाळी घरातले सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते. हे मला उशिरा लक्षात आलं. सासूबाईंनी बाळाला मुद्दाम आपल्याकडं घेतलं होतं. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता, नॅपकिन ठेवला होता. शिवप्रसाद दारात येऊन जायचा, परीक्षेचा निकाल लागला का बघायला आल्यासारखा. मी भिंतीकडं तोंड करून पडले. आतून काही वर येईना. जिथून येतं ती जागा शोधावी म्हणून मी आत उतरले, तर तिथं अण्णाच बसलेले होते, पण ते मला रडू देणारे अण्णा होते. आई गेली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. एकेक यायची, मला छातीशी ओढायची, माझ्या कानात हेल काढायची आणि मी रडते का हे बघायला मान मागं घ्यायची. मला नुसता त्यांच्या घामाचा वास यायचा. अण्णांनी मला त्यांच्यातून उचललं, दुकानात नेलं, शटर अर्धं ओढलं. टेबलावर एक पाणबुडी मोटार तपासायला लावलेली होती, तिचं बटण दाबलं. केवढा आवाज. त्या आवाजात ते माझ्या कानाशी वाकून ओरडले, "रड आता. इथं कुणाला ऐकू जात न्हाई. मला बी न्हाई." आणि पाठ करून तार गुंडाळत बसले. मी रडले. नाक, तोंड, पोट, गुडघे, सगळ्यानं रडले. अंग हलकं झालं, कानशिलं गार पडली, आणि भूक लागली. त्यांनी बटण बंद केलं, गूळ-शेंगदाणे दिले. "निघाली ना गरमी? आता झोप येती बघ." झोप आली. पोत्यावर, तारेच्या भेंडोळ्यांत. त्या दिवसाइतकी चांगली झोप मला पुन्हा लागली नाही. त्यांचेही डोळे त्या वेळी लाल होते की वार्निशानं झाले होते, हे मी कधी विचारलं नाही.

रडू आलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दूधही येईना. जे नासेल म्हणून एवढं सगळं केलं तेच आटलं. बाळ तोंड लावायचं, ओढायचं, सोडायचं, माझ्याकडं बघायचं. त्या बघण्यात तक्रार नसायची, आश्चर्य असायचं. मग चेहरा लाल व्हायचा आणि ते किंचाळायचं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. आत होतं, बाहेर येत नव्हतं. दुधाच्या पावडरीचा डबा आणला, बाटली आणली. तो बाटली जिभेनं ढकलून द्यायचा. मांड्यांवरची कातडी सैल पडली, पायात घातलेले काळे मणी ढिले झाले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दाबून पाहिलं, मी ओठ चावला, तर त्या म्हणाल्या, "ओरडा ना. एवढं दुखतंय तर ओरडा." मग सगळं ऐकून घेतलं आणि सासूबाईंकडं न बघता म्हणाल्या, "ह्यांना रडू द्या. अंग आवळून धरलंय ह्यांनी. रडल्या की सैल होतील, सैल झाल्या की दूध उतरेल. औषध देते, पण खरं औषध ते आहे." सासूबाईंनी हे औषधाच्या चिठ्ठीसारखं ऐकलं. रिक्षात बसल्या-बसल्या सुरुवात केली. "लय गरीब माणूस व्हता गं लिंबाजीराव. तुझं नाव घेतच गेले म्हणं." माझ्याकडं बघितलं. "पायरीवर बसले व्हते, चहा घेतलेला, कप बी हातातच." पुन्हा बघितलं. त्या माझ्या डोळ्यांखाली वाटी धरून बसल्यासारख्या बसल्या होत्या.

मग घरादारानं मला रडवायचं मनावर घेतलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. लेकरू उपाशी होतं. प्रियंका गंगाखेडहून आली, आली ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी तिची पाठ थोपटली तेव्हा रुसली. "मीच रडायले अन् वहिनीच मला समजवायलीय!" दुपारी ती माझ्या पलंगावर मांडी घालून बसली आणि मोबाईलवर शोधून मोठ्यानं वाचायला लागली. शाळेत शिकवते ती, वाचते छान. "रडल्याने डोळे स्वच्छ राहतात. अश्रूंवाटे मनावरचा ताण बाहेर पडतो. रडून झाल्यावर श्वास मंद होतो, झोप शांत लागते. जे लोक मोकळेपणाने रडतात ते—वहिनी, ऐकायलीस ना? तुझ्यासाठीच वाचायलेय." "ऐकतेय." "मग?" "मग काय?" "मग काही होतंय का?" बाजूच्या खोलीत बाळ ओरडत होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं; तो सगळ्या अंगानं रडत होता आणि त्याला त्याचा काही फायदा होत नव्हता. सासूबाईंनी माझ्यासमोर ताट ठेवून कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी आलं, खळखळून आलं. सगळे आशेनं बघत राहिले. ते कांद्याचं होतं. छाती तशीच दगड. शेवटी शिवप्रसादनं दार लोटलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. मला वाटलं बाळाचा फोटो आहे. अण्णा होते. त्यानं व्हिडिओ काढून ठेवला होता. पुढं-मागं तू विचारशील म्हणून, असं म्हणाला. मी बघितला. अण्णांना पांढरा सदरा घातला होता, तो त्यांचा नव्हता, गळ्यात मोठा होत होता. कोपऱ्यात सतत शिवप्रसादचा अंगठा येत होता. कुणीतरी मागं कारखान्याच्या उसाच्या गाड्यांचं बोलत होतं. मग जाळ झाला आणि चित्र हललं, कारण धूर त्याच्या डोळ्यात गेला असणार. "पुन्हा लावू?" त्यानं विचारलं. मी मान हलवली, आणि ती कशी हलवली कोण जाणे, त्यानं पुन्हा लावला. दुसऱ्यांदा मी अंगठ्यामागनं मध्येच दिसणारी त्याच्या शर्टाची बाही बघितली. आकाशी. तोच शर्ट त्यानं बारशाला घातला होता. धुऊन, इस्त्री करून. "राजेश्री, मी तरी काय करू आता?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, आणि तो रडला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्या वडिलांसाठी माझा नवरा रडला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग सासूबाईंनीच काढलं, येलदरीला नेऊ. मरणाच्या घरी गेल्याशिवाय रडू फुटत नाही. बाळाच्या कपाळाला, तळपायाला काजळ लावलं, टोपडं घातलं, भाड्याच्या गाडीत आम्ही बसलो. प्रियंका पुढं, आम्ही दोघी मागं, मध्ये बाळ. शिवप्रसाद आला नाही, त्याला खरंच ऑफिस होतं. जिंतूर गेलं, मग धरणाकडं रस्ता वळला. मला भीती वाटत होती ती अण्णा नसण्याची नव्हती. तिथंही आलं नाही तर, याची होती. गाडीत बाळ आधी रडलं, मग कण्हलं, मग नुसतं तोंड उघडं टाकून पडलं. सासूबाई त्याच्या ओठांना ओलं बोट लावत होत्या आणि पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल.  

आमच्याकडं मेलेल्याची लेक पहिल्यांदा येते तेव्हा गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येते, आणि घरातल्या बायका तो ऐकून बाहेर धावतात. मी गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि गुपचूप चालत गेले. दुकानाचं शटर बंद होतं. आत्याच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांना कळवलं होतं. कुणी उठलं नाही. माझी आत्या, सुलाबाई, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लेक आली का पाव्हणी आली?"

"शिकलेल्या हायेत बाबा," एकजण म्हणाली, "काजळ फिसकटतं त्यायचं."

"बर्फाच्या लादीवर ठिवलं व्हतं मह्या भावाला," आत्या म्हणाली. ओरडली नाही. "रातभर खाली पाणी गळायलं. भारत म्हणला, न्यावं आता. मी म्हणलं, थांबा, राजी येती. बापाला बगितल्याबिगर ऱ्हायची न्हाई ती. सकाळ उजाडली, दुपार झाली. जावाई आले एकटेच. म्हणले, तिला यायचं न्हाई."

"यायचं न्हाई म्हणला नसंल त्यो," सासूबाई मागून म्हणाल्या. "येता येत न्हाई म्हणला असंल."

"मला सांगितलंच नव्हतं, आत्या," मी म्हटलं. माझा आवाज बसची वेळ सांगितल्यासारखा निघाला. "आठ दिवस झाले. न्हाताना सांगितलं."

आत्यानं सासूबाईंकडं बघितलं. सगळ्याच बायकांनी बघितलं. सासूबाईंनी बाळाला छातीशी जरा वर घेतलं आणि सरळ उत्तर दिलं, "दूध जाईल म्हणून न्हाई सांगितलं. कच्ची बाळंतीण. तुमी तरी सांगितलं असतं का?" आणि त्या ओट्यावर, माझ्या माहेरच्या ओट्यावर, मघाशी काजळाचं बोलली तीच बाई हळूच मान हलवून म्हणाली, "न्हाई बाई. कोण सांगतंय." दुसरीनंही मान हलवली. आत्यानं नाही हलवली. ती उठली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, आपल्या खांद्यावर आपटलं म्हणावं असं टेकवलं, आणि तिनं हेल काढला. "आरं मह्या भावा रं... तुह्या लेकीला तुही माती बी दिसू देली न्हाई रं... तू वाट बगत ऱ्हायलास रं लिंबाजी..." तो आवाज तिच्या बरगड्यांतून माझ्या बरगड्यांत आला. बायका उठल्या, एकीवर एक पडल्या, सगळा ओटा एका आवाजात गेला. मी वाट बघत होते. डोळे कोरडेच राहिले. पण छातीत मुंग्या चावल्यासारखं झालं, आधी एका बाजूला, मग दोन्हीकडं, बारीक, गरम, शेकडो सुया. ब्लाऊज ओला झाला. पदर ओला झाला. आत्याची चोळी ओली झाली.

सासूबाईंना ते सगळ्यांत आधी दिसलं. "पान्हा आला!" त्या ओरडल्या. "पान्हा फुटला गं बाई! प्रियंका, धर तिला, खाली बसव!" त्यांनी मला तिथंच ओट्यावर बसवलं, बाळ माझ्या पदराखाली घातलं. त्यानं पकडलं. पहिल्या घोटाला त्याला ठसका लागला, मग तो घटाघटा प्यायला लागला. डोळे मिटून, मुठी आवळून, घामाघूम. बायका नाकं पुसत वाकून बघायला लागल्या. एक-दोघी हसल्या. हेल थांबला. आणि आवाज थांबला तसं माझ्या छातीतलं ते गरम थांबलं. बाळानं दोनदा ओढून पाहिलं, सोडलं, आणि किंचाळलं.

"थांबू नका हो, सुलाबाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले होते. "अजून जरा रडा. पाया पडते तुमच्या. तवर ह्याला दुसऱ्या अंगाला लावते."

 आत्या माझ्याकडं बघत नव्हती, बाळाच्या मांडीकडं बघत होती. मग ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, पदरानं तोंड पुसलं, खाकरून घसा साफ केला, आणि पुन्हा हेल काढला. भावाचं नाव घेऊन. तेच शब्द, त्याच जागी चढवत, त्याच जागी सोडत. बाळ प्यायलं. तिचा घसा बसला तेव्हा शेजारणीनं तो उचलला, तिच्याकडून तिसरीनं. सगळ्या माझ्या वडिलांना रडत होत्या आणि सगळ्यांच्या नजरा बाळाच्या गळ्यावर होत्या, घोट जातोय का ते बघत. मी मध्ये बसले होते. माझं काही काम नव्हतं.

बाळाचं तोंड सैल पडलं, मान कलली, ओठावर पांढरं राहिलं. सासूबाईंनी हात वर केला. "बास. झोपला." ओटा एका झटक्यात गप्प झाला, दूर धरणाच्या कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि त्या शांततेत माझ्या पोटातून काहीतरी वर सुटलं, गिळायला उशीर झाला होता, ते घशाशी आलं, माझं तोंड आपोआप उघडलं, आणि आत्यानं पुढं झेपावून आपला हात माझ्या तोंडावर दाबला, घट्ट.

"हळू, माय," ती माझ्या कानात म्हणाली. "उठंल त्यो."